नवं कोणाचं

॥ श्री ॥
नागाव, ८ सप्टेंबर २०२५

चि. देवदत्त यास अंबिकाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल हाती आलं, गणपती बोळवून झाल्यावर. आत निघालं ते असं: केशराची डबी एक, ह्यांच्या गुडघ्याचा पट्टा एक, उदबत्तीचे पुडे चार (पैकी एक ओला), वातींचा कापूस पाव किलो, आणि मोकळ्या जागेत कोंबलेली दिल्लीची वर्तमानपत्रं. वर टपालखर्च दोनशे दहा रुपये चिकटवलेला. देवू, कापूस अलिबागला मिळतो रे. तू तो दिल्लीहून धाडायचा आणि मी तुला आशीर्वाद द्यायचा, यात टपालखात्याचं तेवढं भलं झालं. केशर पुढच्या गणपतीला ठेवलं आहे. पट्टा ह्यांना बसतो, पण घालत नाहीत. म्हणतात, घातला की लोक विचारतात.

फोन केला नाही याचा राग धरू नकोस. तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. मागच्या वेळी ओरडले तर शेजारच्या होमस्टेतले पाहुणे गच्चीत येऊन उभे राहिले. त्यापेक्षा कागद बरा. कागद दोनदा वाचता येतो.

इकडे वाऱ्याने सुपारीची सहा झाडं पाडली. तुझ्या भाच्याचं, गणराजचं, त्याचं त्याचं चालू आहे, विशेष काही नाही. तू चैत्रापासून कुठल्याशा सरकारी समितीवर आहेस, नवीन शोधांचं धोरण लिहिणारी. तिथे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला काय काम, असं मी ह्यांना विचारलं. म्हणाले, "चहा येतो तो प्यायला." खरं काय ते लिही. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई


दिल्ली, १७ सप्टेंबर २०२५

ती. अंबिकाताईस देवदत्तचा नमस्कार.

भावोजींचा अंदाज बराचसा बरोबर आहे. चहा येतो, तो कोमट असतो, आणि तो पिऊन होईपर्यंत बैठक संपत आलेली असते.

आमच्या समितीचं नाव आहे राष्ट्रीय नवोन्मेष धोरण आढावा समिती. काम सांगायला सोपं आहे. देशात कोणी काही नवीन केलं तर सरकार त्याला मदत करतं. पण नवीन कशाला म्हणायचं? सध्या नियम असा की जे जगात कुठेही नव्हतं तेच नवीन. बाकीच्या अर्जांवर 'नावीन्य नाही' असा शिक्का बसतो आणि ते परत जातात. मी पहिल्याच बैठकीत म्हटलं, नवेपणा हा काही वस्तूच्या अंगचा गुण नाही, जसा लिंबाचा आंबटपणा असतो. तो संबंध आहे. तू ताई आहेस, पण कोणाची, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. तसं नवीन म्हटलं की कोणासाठी नवीन, कुठे नवीन, हे सांगायला हवं. यावर कुलदीपजी म्हणून एक कारखानदार सदस्य आहेत, ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पेटंट मोजता येतात. संबंध कसे मोजणार?" सगळे हसले. कुलदीपजी माझ्या डाव्या कानाकडे बसतात, त्यामुळे निम्मं मला ऐकूच येत नाही. तेवढी सोय आहे.

तेव्हापासून पाच महिने मी तेच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणतो आहे. थकलो आहे, ताई. शिकवताना मुलं निदान झोपतात तरी. इथे सगळे जागे असतात आणि तरी पुढे काही सरकत नाही.

एक विचारायचं आहे. आपल्या पोयनाडच्या घरी नवान्न पौर्णिमेला आई दाराला काहीतरी बांधायची, त्याला 'नवं' म्हणत. त्यात काय काय असायचं, आणि रीत काय होती? परवा रात्री आठवायचा प्रयत्न केला, तर फक्त आंब्याचं पान आठवलं. सविस्तर लिही. मला ते बैठकीत सांगावंसं वाटतं.

तुझा,
देवदत्त


॥ श्री ॥
नागाव, २६ सप्टेंबर २०२५

चि. देवदत्त यास आशीर्वाद.

नवरात्राची गडबड आहे, तरी बसले लिहायला. नवोन्मेष हा शब्द ह्यांना सांगताना माझी तीनदा जीभ अडकली. हे म्हणाले, "आधी साधं नाव ठेवायचा नवोन्मेष करा म्हणावं."

तुला फक्त पान आठवलं, कारण तू पानं आणायला झाडावर चढायचास आणि आई खाली बोंब मारायची. नवं असं: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुर्डूचं फूल, हे आंब्याच्या पानात गुंडाळायचं आणि सुंभाने बांधायचं. दाराला, तुळशीला, विहिरीच्या रहाटाला, पायलीला, नांगराला. ज्याच्यावर घर चालतं त्या प्रत्येकाला. मी लग्न होऊन नागावात आले तर इथे भात नाही, नारळ-सुपारीच्या वाड्या. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या माहेरची रीत तू कर, लोंबी माहेराहून आण. त्या वर्षी मी पंपालासुद्धा बांधलं. दीर हसले. पंप मात्र त्या वर्षी बिघडला नाही, तो देवामुळे की दुरुस्तीमुळे ते देव जाणे.

आता तुझ्या कामाचं. तो भात काही कोणी न पाहिलेला नसतो. मागल्या वर्षीच्याच बियाणाचा, त्याच शेतातला. तरी त्याला आपण नवंच म्हणतो, कारण त्या घरात त्या वर्षीचा तो पहिला. आणि आपण आधी खायचा नाही. पहिला घास देवाला, दुसरा ज्याच्याकडे त्या वर्षी पिकलं नाही त्याच्या घरी, मग आपल्या पानात. आणि तोही जुन्या तांदळात मिसळून. नुसता नवा तांदूळ गिचका होतो, पोटाला जड. आई म्हणायची, नव्याला जुन्याचा आधार लागतो. हे तिचं म्हणणं, माझं नव्हे. मी दहावी पास.

हे बैठकीत सांगून काय होणार ते मला नीटसं कळलं नाही, पण आठवताना बरं वाटलं. दूध रोज घेत जा.

ताई


दिल्ली, १५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. आधी मराठीत, मग हिंदीत. परवानगी न विचारता वाचलं, त्याबद्दल रागाव.

अध्यक्षबाई बिहारच्या आहेत. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही नवं धान्य आधी स्वतः खात नाहीत. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. कुलदीपजींनी मात्र नेमका प्रश्न काढला. म्हणाले, "म्हणजे एका जिल्ह्यातली वस्तू उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेली, की झाली नवीन? हा तर नकल करणाऱ्यांना इनाम आहे." त्यांचं बरोबर होतं, ताई. उत्तर तुझ्याच पत्रात मिळालं. नुसतं पहिलं असून भागत नाही. त्या जागेसाठी त्यात काही बदल करावा लागला पाहिजे, जुन्यात मिसळावं लागतं तसं. आणि पहिला घास कोणाचा, हे सांगता आलं पाहिजे. करणाऱ्याचा स्वतःचा, की ज्याची अडचण होती त्याचा.

शेवटी मसुद्यात वाक्य आलं ते असं: "ज्या जागी, ज्या माणसांच्या गरजेला, त्या जागेप्रमाणे बदलून जे प्रथम उपयोगी पडले, ते त्या जागी नवे मानावे, आणि त्याचा पहिला लाभ कोणास, हे अर्जदाराने सांगावे."

एवढंसं वाक्य. पण ते राहिलं तर दरवर्षी हजारो अर्ज परत जायचे थांबतील. अजून ते पक्कं नाही. पुढच्या बैठकीत परत पाठवलेले काही अर्ज काढून या वाक्याने तपासून बघणार आहेत. मग डिसेंबरात शेवटचा निर्णय.

मी आनंदात असायला हवं. खोलीवर आलो, खिचडी टाकली आणि ती शिजायच्या आत झोप लागली. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही. शेजारी आले दार वाजवायला, तेही ऐकू आलं नाही. शेवटी वासाने उठलो.

तुझा,
देवदत्त


दिल्ली, ५ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

काल बैठकीत परत पाठवलेल्या अर्जांचे फोटो पडद्यावर दाखवले. दाखवणारा डाव्या बाजूला होता, त्यामुळे तो काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. मी नुसतं बघत होतो. चौथा फोटो एका यंत्राचा होता. सुपारी सोलायचं असावं. मागे पडवी, पडवीत निळा पाट. आणि यंत्राच्या मुठीला आंब्याच्या पानात गुंडाळलेली लोंबी बांधलेली, सुकलेली.

कुलदीपजींनी विचारलं, "ये घास क्यूं बंधी है?" अध्यक्षबाई हसून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, हे तर तुमच्या ताईंच्या पत्रातलं नवं दिसतंय, सगळ्या कोकणात बांधतात वाटतं.

मी मान डोलावली. पडवी मी ओळखली होती. तो पाट आपल्या आईचा. अर्जदाराचं नाव नंतर कागदावर वाचलं. गणराज.

ताई, मी नवं म्हणजे काय विचारलं, आणि तू ते पत्र लिहिलंस, तेव्हा तुझ्या मुलाचा अर्ज 'नावीन्य नाही' म्हणून परत आलेला होता. तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं. आता ते वाक्य पक्कं झालं तर पहिल्या काही जणांत गणराजला मदत मिळेल. माझ्या शब्दाने, तुझ्या पत्राने, तुझ्या मुलाला.

तुला हे ठाऊक होतं का, एवढंच सांग.

देवदत्त


॥ श्री ॥
नागाव, १३ नोव्हेंबर २०२५

चि. देवदत्त,

तुझं पत्र आलं. आशीर्वाद लिहायचा हात मागे आला होता, तरी लिहिते. आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगते. गणराजने अर्ज केला माघात. तू समितीवर गेलास चैत्रात. अर्ज परत आला श्रावणात. तू समितीवर गेलास हे कळल्यावर गणराज मला म्हणाला, "आई, मामाला यातलं काही लिहायचं नाही. लिहिलंस तर त्याला एक तर मदत करावी लागेल, नाही तर नाही म्हणावं लागेल. दोन्ही वाईट." मला ते पटलं. म्हणून 'त्याचं त्याचं चालू आहे' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

नवं म्हणजे काय ते मी तू विचारलंस म्हणून लिहिलं. तू रीत सांगशील म्हणाला होतास, माझं पत्रच वाचून दाखवशील हे मला स्वप्नातही नव्हतं. पण लिहिताना गणराजचं यंत्र माझ्या मनात आलंच नाही, असं देवासमोर उभी राहून मी म्हणू शकणार नाही. यंत्राला नवं मीच बांधलं होतं, गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला. आता तू ठरव तुला काय मानायचं ते.

यंत्राचं सांगते, कारण तू ते पडद्यावर पाहिलंस पण कोणी सांगितलेलं तुला ऐकू आलं नाही. तसलं यंत्र कर्नाटकात आधीपासून आहे. गणराज तिकडे जाऊन बघून आला. पण तिकडची सुपारी वेगळी, आपला रोठा गोल आणि नाजूक, त्या यंत्रात फुटतो. त्याने पाती बदलली, आत रबर घातलं, चार महिने घालवले. आमच्याकडे राही सोलायला येते. वर्षानुवर्षं सुरीने सोलून तिची बोटं बघवत नाहीत. यंत्र झाल्यावर पहिल्या दिवशी तीच बसली. मी विचारलं, "कसं गं?" म्हणाली, "काकी, आज जेवताना तिखट झोंबलं न्हाय." गणराजला अशी दहा यंत्रं करून चौल-रेवदंड्याच्या वाड्यांना द्यायची होती. तेवढ्यासाठी अर्ज.

आता तू काय ते कर. मात्र एक. न्हावा शेव्याला कंटेनरच्या आवारात त्याला नोकरी सांगून आली आहे. नाताळाआधी हजर व्हायचं, राहायचं उरणला. तो थांबला आहे तो या अर्जासाठी, तुमचा नियम बदलतोय असं पेपरात आलं म्हणून. तो गेला की वाडीत आम्ही दोघं, आणि शेजारचे होमस्टेवाले रोज विचारतात, काका, वाडी देता का. मी हे तुला दबाव म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस मला काय ठाऊक होतं, तर मला एवढं ठाऊक होतं.

ताई


दिल्ली, २१ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी लिहिलं तसं लिहायला नको होतं. माझा राग खरं तर त्या डोलावलेल्या मानेवर होता, तो तुझ्यावर काढला.

आता परिस्थिती अशी. अकरा डिसेंबरला शेवटची बैठक. तिथे मला सांगावंच लागेल की चौथा अर्ज माझ्या भाच्याचा आहे आणि ते पत्र त्याच्या आईचं. मान डोलावून मी दडवलं, तेही सांगणार. सांगून झाल्यावर नियम असा की ज्याचा नातेवाईक अर्जदार, त्याने त्या विषयावर बोलायचं नाही, खोलीबाहेर जायचं. मी बाहेर गेलो की त्या वाक्याची बाजू मांडणारं कोणी नाही. अध्यक्षबाईंना ते आवडलं आहे, पण त्या मत देत नाहीत. कुलदीपजी एवढंच म्हणतील की हे घरचं धोरण आहे, आणि वाक्य जाईल. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

गंमत बघ. पाच महिने मी सांगत होतो की नवेपणा हा संबंध आहे. आता संबंधच आडवा आला.

गणराजने अर्ज मागे घेतला तर मी उघड सांगून तिथे बसू शकतो आणि बोलू शकतो. पण हे मी त्याच्याकडे मागणार नाही. तूही त्याला सांगू नकोस. त्याने चार महिने यंत्रात घातले, मी पाच महिने एका वाक्यात. कोणाचं मोलाचं हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवता आलं तरी माझ्या फायद्याचं उत्तर मला पटकन सुचेल, म्हणून ठरवत नाही. मी बाहेर जाणार. वाक्य गेलं तर गेलं. अर्ज आहे तसा पुढच्या वर्षी पुन्हा करता येईल. मी तोवर समितीवर नसेन.

भावोजींना पट्टा घालायला सांग. लोक विचारतील तर म्हणावं, मेहुण्याने दिला, दुसरं त्याला काही जमत नाही.

तुझा,
देवदत्त


॥ श्री ॥
नागाव, २ डिसेंबर २०२५

चि. देवदत्त यास अनेक आशीर्वाद.

तू सांगू नकोस म्हणालास, मी सांगितलं नाही. पण ह्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवत होते. पाठीमागच्या दारी गणराज यंत्राला तेल देत होता, ते माझ्या ध्यानातच नाही. पत्र संपलं आणि तो हात पुसत आत आला.

म्हणाला, "मामाला लिही, तू बाहेर जाऊ नको. मी जातो."

मी म्हटलं, "कुठे?"

"अर्जातून. आणि मग न्हावा शेव्याला."

हे म्हणाले, "अरे, मामाच्या एका ओळीसाठी?"

"ओळीसाठी नाही, बाबा. उद्या मला पैसे मिळाले तर सगळी आळी म्हणेल मामाने दिले. यंत्र चाललं तरी मामाचं, बंद पडलं तरी मामाचं. मग मी केलं काय?"

मी म्हटलं, "मामा स्वतःहून बाहेर जातोय. तो म्हणतो पुढच्या वर्षी अर्ज कर."

"मामा बाहेर गेला तर ती ओळ जाईल. ओळ गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच शिक्का. आई, तुझा हिशेब एरवी चुकत नाही, आजच कसा चुकला?"

मी म्हटलं, "जेवून घे." एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवरून अर्ज मागे घेतला. तसं पत्र रजिस्टरनेही पाठवलं आहे, त्याची पावती सोबत जोडते, बैठकीत दाखवायला. काल सोमवारी तो गेला. जाण्याआधी राहीला यंत्र उघडून दाखवलं, पातं कसं काढायचं, कसं बसवायचं. ती म्हणाली, "दादा, बिघडलं तर?" तो म्हणाला, "रविवारी येईन." ती म्हणाली, "सोमवारी बिघडलं तर?" तेव्हा तो नुसता हसला. चौल-रेवदंड्याच्या दहा यंत्रांचं आता कोणी बोलत नाही. ह्यांनी पट्टा घातला आहे. वाडीतलं पाणी आता त्यांनाच लावायचं आहे.

मी तुझ्यावर रागावले आहे, देवू. तू काही चुकलास म्हणून नाही. रागावायला दुसरं कोणी जवळ नाही म्हणून. एक-दोन दिवसांत उतरेल.

काल दिवा लावून देवासमोर बसले तर मागायचं काय तेच कळेना. तुझी ओळ राहू दे म्हणावं, तर ओठ उघडेनात. राहिली तर दुसऱ्या कुणाचा मुलगा त्याच्या वाडीत राहील, माझा गेलाच. जाऊ दे म्हणावं, तर मग माझा उगाचच गेला. दोन्हीकडून झोंबणारच. बराच वेळ बसले. गुडघे दुखायला लागले. शेवटी पहिलंच मागितलं. मनापासून मागितलं असं नाही, पण मागितलं.

तेव्हा अकरा तारखेला आधी सांगायचं ते सगळं सांग, मान डोलावलीस तेही. आणि मग खोलीत बस आणि बोल. कुलदीपजी डावीकडे बसले तर खुर्ची फिरवून घे. त्यांचं म्हणणं पुरतं ऐक, मग उत्तर दे. अर्धं ऐकून दिलेलं उत्तर मला चालणार नाही, माझा मुलगा घालून बसले आहे मी त्यात.

आणि बैठक झाली की खोलीवर जाऊन झोपू नकोस. आधी टपालात कार्ड टाक. ओळ राहिली की गेली, एवढंच लिही, कारणं नंतर. दर रविवारी गणराज येणार आहे. तो विचारणार नाही, मला माहीत आहे. म्हणून त्याने न विचारता मला सांगता आलं पाहिजे. उलट टपाली कळव.

तुझी,
ताई